राखीव खेळाडू आणि वेतनमर्यादा

सर हेन्री मेन यांनी १८६१ साली प्राचीन कायद्यावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. पुरोगामी समाजांची वाटचाल जन्मसिद्ध दर्जाकडून कराराकडे होत आली आहे, हा त्यातील सिद्धांत सर्वश्रुत आहे. मेनसाहेब पुढे हिंदुस्थान सरकारचे कायदेविषयक सभासद होऊन कलकत्त्यास आले. त्यांचे ते सूत्र आमच्याकडे कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी घोकले. परंतु अमेरिकेत एक धंदा असा होऊन गेला की, तेथे माणूस कराराच्या दाराने आत शिरे आणि आत गेल्यावर पाहतो तो करार बाहेरच राहिलेला व आपण दर्जाच्या कोठडीत! हा धंदा म्हणजे बेसबॉलचा खेळ होय. त्यातील खेळाडू जवळजवळ शंभर वर्षे कसा बांधलेला होता, तो सुटला कसा, आणि आता ‘वेतनमर्यादा’ या नावाने जी गोष्ट पुढे येत आहे ती काय आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

खेळाचे नियम समजावून देण्याचे येथे कारण नाही. चेंडूफळीच्या कुळातलाच तो खेळ असून अमेरिकेत तो फार पूर्वीपासून धंदेवाईक आहे, एवढे ध्यानात असले म्हणजे पुरे. १८७६ साली नॅशनल लीग हे संघमालकांचे मंडळ स्थापन झाले. त्याची पहिली काही वर्षे तोट्याची गेली. खेळाडू एका हंगामाच्या करारावर खेळत आणि हंगाम सरला की जो अधिक पगार देईल त्याच्याकडे जात. मालकही एकमेकांची चांगली माणसे फोडीत. म्हणून सप्टेंबर १८७९ मध्ये बफेलो शहरी मालकांनी आपसांत ठरविले की, प्रत्येक संघाने आपले पाच खेळाडू राखून ठेवावे व त्या पाचांना दुसऱ्या कोणीही नोकरी देऊ नये. आपला हात आपल्याला आवरत नाही, म्हणून दुसऱ्याचे पाय बांधावयाचे, असा हा न्याय होता. गमतीची गोष्ट ही की, राखीव पाचांत आपले नाव असणे प्रथम खेळाडूंना भूषणच वाटले, कारण त्यात नोकरीची शाश्वती होती. पुढे १८८३ साली पाचांचे अकरा झाले, आणि मग पाहता पाहता सबंध संघच राखीव झाला.

आमच्याकडील सालदार गड्याची येथे आठवण होते. त्याचाही करार सालाचाच. परंतु घेतलेली उचल फिटलेली असली तर पाडव्याला किंवा आखाजीला तो धन्याला रामराम करून दुसऱ्या वाड्यात राहू शके. बेसबॉलपटूला तेवढीही मोकळीक नव्हती. मालक त्याला ठेवील, दुसऱ्या संघाला देईल, विकील अथवा काढून टाकील. त्याला स्वतःला मात्र दोनच वाटा मोकळ्या होत्या, खेळावयाचे किंवा खेळ सोडावयाचा.

याविरुद्ध पहिला आवाज उठविला तो जॉन माँटगोमेरी वॉर्ड या खेळाडूने. हा गृहस्थ मैदानावर नामांकित होता आणि कोलंबिया विद्यापीठाचा कायद्याचा पदवीधरही होता. १८८५ साली त्याच्या पुढाकाराने खेळाडूंची संघटना स्थापन झाली. दोन वर्षांनी त्याने एका मासिकात लेख लिहून विचारले की, बेसबॉलचा खेळाडू ही जंगम मालमत्ता आहे काय? मालकांनी दिलेले उत्तर मासले म्हणून पाहण्याजोगे आहे. १८८८ च्या अखेरीस इंडियानापोलिसच्या संघाचा मालक जॉन ब्रश याच्या योजनेनुसार खेळाडूंचे पाच वर्ग पाडण्यात आले. पहिल्या वर्गास २,५०० डॉलर, आणि तेथून अडीचशे-अडीचशेने उतरत शेवटच्यास १,५००. खेळाडूच्या कौशल्याबरोबर त्याच्या सवयी व वर्तणूकही पाहून वर्ग ठरावयाचा होता. म्हणजे वेतनमर्यादा ही कल्पना काही नवी नव्हे. वॉर्ड त्या वेळी जगप्रवासास निघालेल्या बेसबॉलच्या संघांबरोबर परदेशी होता (त्यांनी कोलंबोसही एक सामना खेळून दाखविला). परत आल्यावर त्याने व त्याच्या सोबत्यांनी १८९० साली स्वतःचीच वेगळी लीग काढली. ती एक हंगाम टिकली. तिला भांडवल पुरविणाऱ्यांनी जुन्या मालकांशी परस्पर तडजोड केली आणि खेळाडू पुन्हा दावणीला आले.

यानंतरचा अध्याय न्यायालयांचा. फेडरल लीग नावाची प्रतिस्पर्धी लीग १९१४ व १९१५ असे दोन हंगाम चालून मोडली, तेव्हा तिच्यातील बाल्टिमोरच्या संघाने मक्तेदारीविरोधी कायद्याखाली दावा लावला. ज्यूरीने ८०,००० डॉलरची नुकसानी दिली; कायद्याप्रमाणे ती तिप्पट झाली. पण वरिष्ठ न्यायालयाने निकाल फिरविला, आणि १९२२ साली सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी सर्वानुमते निर्णय दिला की, बेसबॉलचे सामने हा राज्याराज्यांमधील व्यापार नव्हे. संघ आगगाडीने एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जातात ही केवळ आनुषंगिक बाब आहे. म्हणून हा कायदा त्यांना लागू नाही. होम्स यांच्याविषयी आम्हांस अत्यंत आदर आहे. परंतु थोरांच्या लेखणीतूनही असे निकाल उतरतात खरे. १९५३ साली न्यायालयाने तोच निर्णय कायम केला. कारण असे दिले की, हे बदलावयाचे तर कायदेमंडळाने बदलावे. त्यानंतर मुष्टियुद्धाच्या व फुटबॉलच्या धंद्यांनी हीच सवलत मागितली, तेव्हा त्यांना मात्र ती नाकारण्यात आली!

आता कर्ट फ्लड. हा कृष्णवर्णीय खेळाडू सेंट लुईस कार्डिनल्स संघात बारा वर्षे मध्यक्षेत्री खेळला. क्षेत्ररक्षणाचे सुवर्ण पारितोषिक त्याने लागोपाठ सात वेळा मिळविले, आणि त्याच्या काळात संघ १९६४ व १९६७ साली जगज्जेता झाला. ऑक्टोबर १९६९ मध्ये एके दिवशी त्याला दूरध्वनीवरून कळविण्यात आले की, तुला फिलाडेल्फियाला दिले आहे. त्याला सालीना ९०,००० डॉलर मिळत होते, आणि फिलाडेल्फियाचा संघ त्याहून अधिक देण्यास तयार होता. फ्लड गेला नाही. २४ डिसेंबर १९६९ रोजी त्याने बेसबॉलचे कमिशनर बोवी कून यांस पत्र लिहिले. बारा वर्षांच्या नोकरीनंतर आपल्या इच्छेचा विचार न करता खरेदी-विक्री करावी अशी आपण वस्तू आहोत असे आपणांस वाटत नाही, असे त्याने त्यात कळविले. एवढा पगार घेणाऱ्याने गुलामगिरीची भाषा का करावी, असे त्याला दूरचित्रवाणीवर विचारण्यात आले, तेव्हा भरपूर पगाराचा गुलाम हाही गुलामच, असे तो म्हणाला.

सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती आर्थर गोल्डबर्ग यांनी त्याचे वकीलपत्र घेतले. साक्षीस जॅकी रॉबिन्सन आला, हँक ग्रीनबर्ग आला; परंतु त्या वेळी मैदानावर खेळत असलेला एकही खेळाडू न्यायालयात आला नाही. ज्यांच्यासाठी तो लढत होता त्यांची पाठराखण ही एवढी! १९७० चा सबंध हंगाम तो घरी बसला. पुढील वर्षी वॉशिंग्टनकडून तेरा सामने खेळला आणि अंगातला खेळ गेला हे ओळखून निघून गेला. १९७२ साली पाच विरुद्ध तीन मतांनी तो हरला. बहुमताचा निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्ती ब्लॅकमन यांनी बेसबॉलची ही सवलत विसंगत आहे असे कबूल केले, तरीही ती कायम ठेवली.

जे काम घटना, न्यायालय आणि कायदेमंडळ या तिघांच्याने झाले नाही ते अखेर करारातील दोन शब्दांच्या अर्थावरून झाले. याचे श्रेय मार्विन मिलर यांचे. पोलाद कामगारांच्या संघटनेत अनुभव घेतलेले हे गृहस्थ १९६६ साली बेसबॉलपटूंच्या संघटनेचे प्रमुख झाले. तंटे त्रयस्थ लवादापुढे न्यावेत ही अट त्यांनी १९७० च्या करारात मालकांच्या गळी उतरविली. तिचे पुढे काय होईल हे मालकांना बहुधा उमगले नसावे. खेळाडूने नव्या करारावर सही केली नाही तर संघाने जुना करार त्याच अटींवर ‘एक वर्ष’ पुढे चालवावा, असे कलम होते. मालक म्हणत, वाढविलेल्या करारात हे कलमही आलेच, म्हणून तो दरवर्षी वाढविता येईल, यावच्चंद्रदिवाकरौ. मिलर म्हणत, एक वर्ष म्हणजे एक वर्ष. लॉस एंजेलिसचा अँडी मेसरस्मिथ १९७५ चा हंगाम सहीविना खेळला. माँट्रियलच्या डेव्ह मॅकनॅलीनेही सही केली नव्हती. २३ डिसेंबर १९७५ रोजी लवाद पीटर साइट्झ यांनी मिलर यांचा अर्थ मान्य केला. मालकांनी त्यांना तत्काळ कामावरून काढले. पुढे न्यायालयांनी मात्र त्यांचा निवाडा कायम ठेवला.

येथे अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला आवडेल असा एक प्रसंग घडला. ओकलंडचा विक्षिप्त मालक चार्ल्स फिनली याचे म्हणणे पडले की, सर्वांनाच दरवर्षी मुक्त करून टाका. इतर मालकांनी ते हसण्यावारी नेले. मिलर यांना मात्र खरी भीती याच सूचनेची होती. कारण शेकडो खेळाडू एकदम बाजारात आले असते तर भाव कोसळले असते. १९७६ च्या करारात ठरले ते असे की, सहा वर्षे नोकरी झाल्यावर खेळाडू मुक्त व्हावा. त्यामुळे दर साली थोडेच खेळाडू बाजारात येत आणि त्यांच्यासाठी चुरस लागे. १९७६ साली सरासरी वेतन सुमारे ५१ हजार डॉलर होते, ते चार वर्षांत १ लाख ४० हजारांच्या वर गेले आणि १९९२ साली दहा लाखांच्या पलीकडे. मालकांनी पुन्हा जुनाच मार्ग धरून पाहिला. १९८५ पासून दोन-तीन हंगाम त्यांनी दुसऱ्याच्या मुक्त खेळाडूला विचारावयाचेच नाही असा गुप्त संकेत पाळला. तो उघडकीस येऊन १९९० साली त्यांना २८ कोटी डॉलर भरावे लागले.

मालकांची शंभर वर्षांची सबब एकच होती: खेळाडू मोकळे झाले तर धनवान शहरे त्यांना ओढून नेतील व लहान शहरांचे संघ मरतील. सायमन रॉटनबर्ग या अर्थशास्त्रज्ञाने १९५६ सालीच हिचे उत्तर देऊन ठेविले होते. त्यांचे प्रतिपादन असे की, खेळाडू बांधलेला असो वा मोकळा, तो अखेरीस जातो तेथेच, जेथे त्याच्या खेळाला सर्वांत अधिक मोल आहे. फरक इतकाच की, बांधलेला असता त्याची किंमत विकणाऱ्या मालकाच्या खिशात जाते, मोकळा असता त्याच्या स्वतःच्या. अनुभवही असाच आहे. राखीव कलम पूर्ण जोरात असता न्यूयॉर्कच्या यँकीज संघाने १९४९ ते १९५३ अशी लागोपाठ पाच अजिंक्यपदे नेली. मुक्ततेनंतर १९७८ ते १९८७ या दहा वर्षांत दहा निरनिराळे संघ अजिंक्य ठरले.

या पार्श्वभूमीवर वेतनमर्यादेकडे पाहावे. संघाच्या एकंदर पगारखर्चाला कमाल आकडा ठरवून द्यावयाचा, अशी ही कल्पना आहे. अमेरिकेतील बास्केटबॉलने ती १९८४ च्या सुमारास, फुटबॉलने १९९४ मध्ये आणि आइस हॉकीने एक सबंध हंगाम बुडवून २००५ साली स्वीकारली. आयपीएलच्या लिलावात प्रत्येक संघाची थैली आधीच ठरलेली असते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. फक्त ती थैली कोणत्याही खेळाडूसंघटनेशी सौदा करून ठरलेली नाही. बेसबॉलच्या मालकांनी १९९४ साली हा आग्रह धरला तेव्हा १२ ऑगस्टपासून खेळाडूंनी संप केला. तो २३२ दिवस चालला. १९०४ नंतर प्रथमच जागतिक मालिका रद्द झाली. आणि दैवाचा खेळ असा की, संप झाला त्या दिवशी सर्वांच्या पुढे होता तो माँट्रियलचा संघ, ज्याची पगारपत्रिका अगदी लहान संघांपैकी होती! अखेर न्यायाधीश सोनिया सोटोमायोर यांनी मालकांविरुद्ध मनाई हुकूम दिला आणि खेळ पुन्हा सुरू झाला. मर्यादा आली नाही. तिच्याऐवजी ठराविक आकड्यापलीकडील खर्चावर कर आला. २०२२ च्या करारात हा आकडा २३ कोटी डॉलर होता व २०२६ साठी २४ कोटी ४० लाख.

दुसरी बाजूही नमूद केली पाहिजे. शोहेई ओहतानी याच्याशी लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाने डिसेंबर २०२३ मध्ये दहा वर्षांसाठी ७० कोटी डॉलरचा करार केला. त्यांपैकी ६८ कोटी करारकाळानंतर द्यावयाचे आहेत. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्क मेट्सने हुआन सोटोला पंधरा वर्षांसाठी ७६ कोटी ५० लाख कबूल केले. डॉजर्सनी २०२४ व २०२५ अशी लागोपाठ दोन अजिंक्यपदे जिंकली. मोठ्या शहरांतील दूरचित्रवाणीचे उत्पन्न आणि लहान शहरांतील उत्पन्न यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि पिट्सबर्गच्या प्रेक्षकाचा संताप खोटा नव्हे. तथापि त्या संतापावरचा उतारा उत्पन्नाच्या वाटणीत शोधावयाचा की पगाराच्या मर्यादेत, हा खरा प्रश्न आहे. एक मालक दुसऱ्याला किती देतो ही पहिली गोष्ट. सर्व मालक मिळून खेळाडूला किती कमी देतात ही दुसरी. बफेलोपासून आजवर पहिलीचा विषय निघाला की चर्चा दुसरीवर वळविण्यात आली आहे.

वेतनमर्यादेला आम्ही गुलामगिरी म्हणणार नाही. मर्यादेबरोबर किमान खर्चाची अट व उत्पन्नाचा निश्चित वाटा मिळत असेल, तर नवख्या व मध्यम दर्जाच्या खेळाडूंचा तीत लाभही होऊ शकेल. सहा वर्षे पुरी होण्याआधीच ज्यांची कारकीर्द संपते असे खेळाडू थोडेथोडके नाहीत, आणि त्यांच्या पदरी ओहतानीच्या कोट्यवधी डॉलरांतील काहीच पडत नाही. पण वाटा ठरवावयाचा तर एकंदर रक्कम किती हे आधी कळले पाहिजे. तिकिटे व दूरचित्रवाणी यांचे उत्पन्न तीत येईलच. मैदानाशेजारी मालकाने बांधलेली दुकाने, कचेऱ्या, उपाहारगृहे यांचे येईल काय? २०२२ च्या कराराची मुदत १ डिसेंबर २०२६ ही ठरली होती. अटलांटाचा संघ भागबाजारात नोंदलेल्या कंपनीच्या मालकीचा असल्यामुळे त्याचे हिशेब कोणालाही वाचता येतात. बाकीच्या बहुतेक संघांच्या वह्या मालकांच्या कपाटात असतात.