सह्याद्रीच्या माथ्यावरील पाणी आणि विजेची साठवण : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

वीज निर्माण होताक्षणीच वापरावी लागते, ती कोठारात भरून ठेवता येत नाही, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. सह्याद्रीच्या प्रदेशाचा इतिहास मात्र वेगळेच सांगतो. घाटमाथ्यावर अडविलेले पाणी म्हणजे साठविलेली वीजच होय. सौर व पवन ऊर्जेपासून चोवीस तास वीज मिळविण्याचे धोरण देशात आकार घेत असताना या इतिहासाचे अवलोकन करणे, विशेषतः कोल्हापूर जिल्ह्याच्या संदर्भात, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पूर्वपीठिका

1915 मध्ये टाटांचे खोपोली येथील जलविद्युत केंद्र सुरू झाले. लोणावळा परिसरातील तलावांत पावसाळ्यात साठविलेल्या पाण्यावर मुंबईच्या कापडगिरण्या वर्षभर चालू लागल्या. याच सुमारास कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी भोगावती नदीवर राधानगरी धरणाचे काम हाती घेतले होते. त्याचा मुख्य हेतू शेतीला पाणी देणे हा होता. निधीअभावी रेंगाळलेले हे धरण स्वातंत्र्योत्तर काळात पूर्णत्वास गेले व तेथे लहानसे वीजगृहही उभे राहिले. म्हणजेच एका परंपरेत पाणी उद्योगाच्या विजेसाठी अडविले गेले, तर दुसरीत शेतीसाठी. या दोन गरजांमधील ताण पुढील सर्व इतिहासात दिसून येतो.

1960 च्या दशकात कार्यान्वित झालेल्या कोयना प्रकल्पाने हा ताण अधिक स्पष्ट केला. पूर्वेकडे वाहणारे पाणी पश्चिमेकडे कोकणात सोडून वीज निर्माण होते, परंतु ते पाणी कृष्णा खोऱ्याला कायमचे अंतरते. म्हणूनच बच्छावत लवादाने कोयनेतून पश्चिमेकडे वळवावयाच्या पाण्यावर वर्षाला 67.5 टीएमसी इतकी मर्यादा घातली. चंदगड तालुक्यातील घाटमाथ्याचे पाणी कोकणात उतरवून चालणारे तिलारीचे 60 मेगावॅटचे वीजगृह हे याच पद्धतीचे, आपल्या जिल्ह्याशी निगडित उदाहरण होय.

उदंचन पद्धती

उदंचन प्रकल्पात तेच पाणी पुन्हा वर चढविले जाते. टाटांच्या भिरा येथील 150 मेगावॅटच्या संचानंतर, 2008 मध्ये राज्य शासनाचा 250 मेगावॅटचा घाटघर प्रकल्प जपानच्या अर्थसाहाय्याने कार्यान्वित झाला. रात्री मागणी घटली की उरलेल्या विजेवर पाणी वरच्या जलाशयात चढवावयाचे आणि संध्याकाळी ते खाली सोडावयाचे, अशी ही योजना होती. या फेऱ्यात साधारणतः पंचमांश ते चतुर्थांश वीज खर्ची पडते. तरीही भारनियमनाने त्रस्त महाराष्ट्रात संध्याकाळच्या एका युनिटचे मोल रात्रीच्या युनिटहून अधिक होते.

धोरणातील स्थित्यंतर

सौर ऊर्जेने हे गणित उलटे केले. आता विपुलता दुपारी आणि टंचाई सूर्यास्तानंतर, अशी स्थिती आहे. जानेवारी 2020 मधील केंद्रीय निविदेत मागणीच्या कमाल वेळेतील विजेस प्रतियुनिट 6.12 रुपये व इतर वेळी 2.88 रुपये असा दर आला. या दोहोंतील फरक हेच साठवणुकीचे मोल होय. त्याच वर्षी मे महिन्यात 400 मेगावॅट अखंड नवीकरणीय विजेच्या निविदेत पहिल्या वर्षासाठी 2.90 रुपये हा दर आला. तथापि तेथे अट वर्षभरात सरासरी 80 टक्के पुरवठ्याची होती. सरासरी पूर्ण झाली तरी एखादी संध्याकाळ अंधारात जाऊ शकते, हे ध्यानात घेतले पाहिजे. 2022 मध्ये केंद्राने वितरण कंपन्यांवर साठवणुकीचे बंधन घातले. 2023-24 मधील 1 टक्क्यावरून ते 2029-30 पर्यंत 4 टक्क्यांवर न्यावयाचे आहे.

कोल्हापूरचा संदर्भ

शेतीला दिवसा वीज मिळावी यासाठी फेब्रुवारी 2022 मध्ये कोल्हापुरात मोठे आंदोलन झाले. रात्री पाणी पाजण्यास जाणाऱ्या शेतकऱ्याला साप-विंचवाचे भय असते. कृषिपंपांच्या वाहिन्या सौर ऊर्जेवर आणल्यास ही मागणी साठवणुकीविनाही बऱ्याच अंशी पूर्ण होऊ शकते. शिरोलीच्या फौंड्री आणि इचलकरंजीचे यंत्रमाग यांची रात्रपाळी मात्र साठवणुकीविना सौर विजेवर चालणार नाही.

दुसरीकडे, भुदरगड तालुक्यातील पाटगाव परिसरात 2100 मेगावॅटचा उदंचन प्रकल्प प्रस्तावित झाला, तेव्हा वेदगंगेच्या पाण्यावर अवलंबून असलेल्या गावांतून विरोध झाला. उदंचनात पाणी फिरत राहते हे खरे. परंतु प्रथम जलाशय भरण्यास आणि बाष्पीभवनाची तूट भरून काढण्यास पाणी लागतेच, आणि ते कोणाच्या वाट्यातून घ्यावयाचे हा प्रश्न उरतो.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, साठवणुकीचे तंत्र आपल्याकडे नवे नाही, नवी आहे ती खरेदीची पद्धती. निविदेत विजेचा दर लिहिला जातो, पाण्याचा हक्क मात्र लिहिला जात नाही. राधानगरीच्या उभारणीत शेतीच्या पाण्याला अग्रक्रम होता. तोच अग्रक्रम करारात आधी नोंदवून मग विजेचा दर ठरविणे, हेच या इतिहासाशी सुसंगत धोरण ठरेल.