फियाट कळकली

भंडाऱ्याला रेल्वेने येणारा नवखा माणूस एकदा तरी फसतोच. तिकिटावर 'भंडारा रोड' असतं आणि उतरतो तो वरठीत. मग दहाएक किलोमीटर रस्त्याने. आमचं घर याच वरठीतलं. आजोबा रेल्वेत होते, बाबा नोकरीनिमित्त रोज भंडाऱ्याला. त्या रोजच्या जाण्यायेण्याला कंटाळून 1992 साली बाबांनी जुनी फियाट घेतली. गाडीवर 'प्रीमियर पद्मिनी' लिहिलेलं होतं, पण घरात तिला तसं कोणी कधीच म्हटलं नाही.

गेल्या दिवाळीत ही गाडी पुन्हा चालू करायचं मी मनावर घेतलं. बाबांची एकच अट होती. "इंजिनात पाणीच टाकायचं. ते हिरवं-गुलाबी काही नाही." बाबा आता ऐंशीच्या पुढे आहेत, गाडी त्यांची आहे, आणि या विषयावर आमचं भांडण सत्तावीस वर्षं जुनं आहे. त्यामुळे आधी थोडा इतिहास सांगावा लागेल.

मोटारीचा इतिहास म्हणजे निम्मा पाण्याचाच इतिहास आहे. कार्ल बेन्झने 1886 मध्ये पेटंट घेतलेल्या गाडीत पाणी नुसतं उकळून वाफ होऊन जायचं. दोन वर्षांनी त्याची बायको बर्था दोन मुलांना घेऊन मानहाइमहून माहेरी फोर्त्सहाइमला निघाली (नवऱ्याला न सांगता!), तेव्हा वाटेत जागोजागी थांबून ती पाणी भरत गेली. 1900 च्या सुमारास मायबाखने मर्सिडीजसाठी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला, त्यात 8070 बारीक नळ्या होत्या. तिथून पुढे तेच तेच पाणी फिरवून गार करता येऊ लागलं. पण थंड देशात रात्री ते गोठायचं, फुगायचं आणि इंजिनाला तडा जायचा. म्हणून लोक त्यात अल्कोहोल घालत, ते उडून जाई. 1927 मध्ये अमेरिकेत युनियन कार्बाइडने 'प्रेस्टोन' या नावाने इथिलीन ग्लायकॉल बाजारात आणलं. हे द्रव्य वुर्त्झ नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1850 च्या दशकातच बनवलं होतं. त्याचा हा उपयोग सापडायला सत्तर वर्षं गेली.

त्याचं नाव पडलं अँटिफ्रीझ. आणि आमच्याकडच्या सगळ्या गैरसमजाचं मूळ हे नाव आहे. "वरठीत बर्फ पडते का?" हा बाबांचा प्रश्न. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत कूलरसमोर बसलेल्या माणसाला अँटिफ्रीझ विकणं म्हणजे हिमालयात घामोळ्याची पावडर विकण्यासारखंच.

बाबा अर्धे बरोबर आहेत, हे मला फार उशिरा कळलं. उष्णता वाहून नेण्यात पाण्याची बरोबरी ग्लायकॉल करू शकत नाही. निम्मं पाणी, निम्मं ग्लायकॉल असं मिश्रण वजनाला वजन धरलं तर पाण्यापेक्षा पंधरा-वीस टक्के कमी उष्णता सामावून घेतं. फक्त ते उकळतं उशिरा, शंभराऐवजी साधारण 107 डिग्रीला. रेडिएटरचं झाकण कुकरच्या शिटीसारखं दाब धरून ठेवतं, त्यामुळे ती मर्यादा आणखी वर जाते. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानांच्या मर्लिन इंजिनांतही आधी निव्वळ ग्लायकॉल असे, पुढे सत्तर टक्के पाणी आणि तीस टक्के ग्लायकॉल घालून ते दाबाखाली ठेवू लागले. म्हणजे तिथेही शेवटी पाण्याकडेच परतावं लागलं. बाबांना हा दाखला दिला तेव्हा ते नुसतं हसले. ते हसू मला आवडलं नाही :-)

आता 1998 चा मे महिना. नागपूरला लग्न होतं. मौद्याच्या पुढे काटा लाल पट्टीत गेला आणि बॉनेटमधून वाफ. त्या काळी हे दृश्य नवीन नव्हतं. खंडाळ्याच्या घाटात गाड्या बॉनेट उघडून रांगेने उभ्या असत. एसटीचा ड्रायव्हर बादली घेऊन रेडिएटरपाशी उभा, हे तर आपण सगळ्यांनी पाहिलेलं. पण बाबांनी घाई केली आणि फडकं गुंडाळून झाकण फिरवलं. दाब सुटल्याबरोबर उकळतं पाणी हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत. लग्न आम्हाला मिळालं नाही, मेयोच्या बाहेरचा बाक मिळाला. तो डाग बाबांच्या हातावर आजही आहे. गाडीचं गॅस्केट गेलं, आणि हेड उघडलं तर आतलं अॅल्युमिनियम वाळवी लागल्यासारखं खाल्लेलं.

रेडिएटर दुरुस्तीला भंडाऱ्याला नेला. भंडारा म्हणजे पितळी भांड्यांचं गाव. स्टील आणि प्लॅस्टिकने तो धंदा पार बसवला, आणि त्यातले काही हात रेडिएटरकडे वळले. वळणारच, कारण जुन्या फियाटचा रेडिएटर म्हणजे तांबं आणि पितळच, कथील-शिशाची डाक देऊन जोडलेलं. आमच्या कारागिराने वरची टाकी उघडून दाखवली. निम्म्या नळ्या पांढऱ्या थराने बुजलेल्या. त्या थरावर नख मारत तो म्हणाला, "साहेब, हे तुमच्या विहिरीचं पाणी आहे." आमच्या चहाच्या भांड्यात बसतो तोच थर. त्यातही गंमत अशी की आजोबा हयात असते तर त्यांनी हे न उघडता सांगितलं असतं. वाफेच्या इंजिनांचे बॉयलर ठरल्या दिवशी थंड करून आतून धुवावे लागत, ते याच थरापायी. रेल्वेवाल्याच्या मुलाने पंचवीस पैशाचाही विचार न करता विहिरीचं पाणी इंजिनात ओतावं!

पण खरा उलगडा केला आईने. मी घरी येऊन सांगत होतो की पाणी, लोखंड, पितळ आणि अॅल्युमिनियम एकत्र आले की धातू खाल्ला जातो, कूलंटमध्ये त्याला अटकाव करणारी औषधं असतात, आतून त्यांचा पातळ थर बसतो, आणि ती औषधं दोन-तीन वर्षांत संपतात. आई पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "म्हणजे कल्हई. तुमची गाडी कळकली."

इतकं सोपं होतं! पितळेच्या पातेल्यात ताक कळकतं म्हणून आपण कथील आणि नवसागर लावून कल्हई करतो, आणि ती उडाली की पुन्हा करतो. पातेलं भरलेलं आहे म्हणून कल्हई शाबूत आहे असं कोणी म्हणत नाही. कूलंटचंही तसंच आहे. पातळी बरोबर दिसते, रंगही दिसतो, आतलं औषध मात्र संपलेलं असतं.

बाबांनी मान्य केलं का? छे. त्यांनी मेकॅनिकचं ऐकून थर्मोस्टॅटच काढून टाकला. त्या काळचा हा सर्वमान्य उपाय. गाडी तापत नाही हे खरं, पण हिवाळ्यात इंजिन नीट गरमच होत नाही आणि पेट्रोल पिते. 2006 नंतर गाडी शेडमध्येच राहिली.

असो. यंदा मी काय केलं ते सांगतो. दुकानात हिरवं, लाल, केशरी, गुलाबी सगळं मिळतं. पहिली गोष्ट ही की रंगाला अर्थ नाही, तो कंपनीच्या मर्जीचा. डबीवरचं बारीक अक्षर वाचावं. 1990 च्या दशकात आलेली जास्त टिकाऊ कूलंट (जनरल मोटर्सचं केशरी डेक्स-कूल हे त्यातलं गाजलेलं) सेंद्रिय आम्लांवर चालतात. नव्या अॅल्युमिनियमच्या रेडिएटरला ती उत्तम, पण शिशाच्या डाकेच्या जुन्या रेडिएटरला जुन्या पद्धतीचं, सिलिकेटवालं कूलंटच बरं. ते दोन वर्षांनी बदलावं लागतं, तर बदलू. दोन जाती एकमेकांत मिसळायच्या नाहीत.

इंजिन पूर्ण गार असताना खालची तोटी आणि ब्लॉकचा बोल्ट उघडला. गेरूसारखं पाणी आलं. नवीन थर्मोस्टॅट बसवायच्या आधी चार वेळा धुतलं, तेव्हा कुठे ते नितळ झालं. शेवटचं धुणं डिस्टिल्ड पाण्याने. मग चाळीस टक्के कूलंट, साठ टक्के डिस्टिल्ड पाणी. निम्मं-निम्मं मुद्दाम केलं नाही. वरठीत बर्फ पडत नाही हा बाबांचा मुद्दा तेवढा मान्य केला.

एका बाबतीत मात्र मी कडक राहिलो. धुतलेल्या पाण्याची बादली बाबा जास्वंदीला घालायला निघाले होते, सवयीने. तेव्हा आत कूलंट नव्हतं, पण पुढच्या वेळी असेल. इथिलीन ग्लायकॉल गोड लागतं आणि जीव घेतं, कुत्र्यांचा तर हमखास. 1986 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमध्ये मिसळलेल्या डायइथिलीन ग्लायकॉलने चौदा रुग्ण गेले. ते याच घराण्यातलं विष. त्यावरचा न्यायमूर्ती लेंटिन आयोग बाबांना चांगला आठवत होता. त्यांनी बादली खाली ठेवली.

पद्मिनीचं उत्पादन थांबून आता पाव शतक झालं. कुर्ल्याचा वालचंद हिराचंदांचा कारखाना गेला, मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर 2023 मध्ये संपल्या. आमची मात्र परवा भंडाऱ्यापर्यंत जाऊन आली, काटा मधेच राहिला. परत आल्यावर बाबांनी गाडी गार होईपर्यंत दोन तास वाट पाहिली. मग चिकटपट्टीचा तुकडा घेऊन त्यावर तारीख लिहिली, खाली दोन वर्षांनंतरची तारीख लिहिली, आणि पट्टी झाकणाशेजारी चिकटवली. आईने चष्मा लावून ती वाचली आणि विचारलं, "कल्हई असं का नाही लिहिलंत?"