दादाची जीप आणि एक खडू

परवा भाच्याचा फोन आला. "आत्या, बाबांची जीप साठच्या पुढे गेली की थरथरते. गॅरेजवाला म्हणतो, इंजिन उतरवावं लागेल. तुला काही आठवतंय का?"

मी जन्मभर इतिहास आणि मराठी शिकवलं. जीपमधलं मला काय कळणार? पण ही थरथर मला चांगलीच आठवते. १९८८ साली तिच्यापायी आमच्या दादानं एक मित्र गमावला होता. भाचा तेव्हा पाळण्यात होता. म्हणून इथेच लिहिते, म्हणजे बाकीचे नातेवाईकही वाचतील.

आधी थोडा इतिहास, त्याशिवाय माझं पान हलत नाही. दुसऱ्या महायुद्धात विलिस आणि फोर्ड ह्या दोन अमेरिकन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीपगाड्या बांधल्या. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत विलिसच्या गाड्या सुट्या भागांत आणून महिंद्रांनी मुंबईत माझगावला जोडायला घेतल्या. (ही कंपनी १९४५ साली 'महिंद्रा अँड महंमद' होती. त्यातले गुलाम महंमद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले. मग १९४८ साली नाव बदललं.) सीजे-३बी ही उंच बॉनेटची जीप विलिसनं १९५३ साली काढली आणि अमेरिकेत ती १९६८ साली बंद झाली. आपल्याकडे तिचा वंश पुढे कितीतरी वर्षं चालला. तहसीलदार, जंगलखातं, पाटबंधारे, सगळीकडे तीच. दादानं १९७९ साली सरकारी लिलावात घेतली तीही ह्याच वंशातली.

आता थरथरीकडे येते. जीपचं इंजिन आणि गिअरबॉक्स चासीला घट्ट बसवलेले असतात. चाकांचे अ‍ॅक्सल मात्र पाट्यांवर वरखाली होत राहतात. ह्या दोघांना जोडणारा प्रोपेलर शाफ्ट म्हणूनच दोन्ही टोकांना वाकावा लागतो, आणि तिथे तो 'क्रॉस' असतो. ह्या सांध्याला सोळाव्या शतकातल्या इटालियन कार्डानोचं नाव चिकटलं आहे. पण १६७६ साली सूर्य पाहायच्या उपकरणांवर लिहिताना त्याला 'युनिव्हर्सल जॉइंट' म्हटलं ते रॉबर्ट हूकनं, म्हणजे शाळेत स्प्रिंगच्या नियमात भेटतो त्याच हूकनं. मोटारीत तो रुळवला क्लॅरेन्स स्पायसर ह्या अमेरिकन माणसानं. १९०३ साली त्याला पेटंट मिळालं. पुढे आपल्या चाकणजवळही त्याच्या नावाचा कारखाना निघाला. (औंधचं स्पायसर कॉलेज वेगळं, ते एका मिशनऱ्याच्या नावाचं.)

ह्या सांध्याला एक खोड आहे. तो वाकून फिरला की पुढची गती सारखी राहत नाही. प्रत्येक फेऱ्यात दोनदा वाढते, दोनदा कमी होते. दुसऱ्या टोकाचा सांधा तेवढ्याच कोनात असेल आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांचे चिमटे एका रेषेत असतील, तर एकाची खोड दुसरा मोडून काढतो. नाहीतर गाडी थरथरते.

तर १९८८ साली गणपतीला कोकणात जायचं म्हणून दादानं गाडीची क्लच प्लेट बदलून घेतली. मेकॅनिक त्याचा वीस वर्षांचा दोस्त. चारच दिवसांत गाडी थरथरायला लागली. दादा गॅरेजमध्ये जाऊन चारचौघांत नाही नाही ते बोलून आला. मग टायर बदलले, इंजिनाच्या फाउंडेशनचे रबर बदलले. आठ महिने गेले, थरथर तशीच.

शेवटी नाना पेठेत एका स्पेअर पार्टवाल्यानं एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे पाठवलं. शनिवारची सकाळची शाळा सुटली होती, म्हणून मीही गाडीत होते. मिस्त्रींनी पाना हातात घेतला नाही, सोलापूर रस्त्याला गाडी घ्यायला लावली. साठला पोचल्यावर म्हणाले, "न्यूट्रल करा." इंजिन शांत झालं, थरथर तशीच. "म्हणजे इंजिन नाही, क्लचबी नाही." दादाचा चेहरा मला आरशात दिसला. पुढे म्हणाले, टायरचा दोष असता तर स्टिअरिंग हळूहळू डुललं असतं. ही बारीक गुणगुण सीटखालून येते. चाकाच्या एका फेऱ्यात शाफ्टचे पाचाहून जास्त फेरे होतात, म्हणून.

परत आल्यावर त्यांनी पुढचा शाफ्ट उतरवला. ह्या जीपमध्ये फोर व्हीलचा दांडा काढलेला असला तरी पुढची चाकं तो शाफ्ट फिरवतच राहतात, म्हणून आधी तो. पुन्हा चक्कर मारली, फरक नाही. मग मागचा. त्याआधी चारी चाकांना दगड लावले, कारण जुन्या जीपचा हँडब्रेक ट्रान्सफर केसच्या मागे असतो. शाफ्ट सुटला की तो काही धरत नाही. "बाई, खडू हाय का?" माझ्या पर्समध्ये खडू नाही असं कधी झालं आहे? त्यांनी शाफ्टवर लांब रेघ ओढली. दोन टोकांचे चिमटे तिच्यावर जुळत नव्हते. मधल्या दातेरी जोडावर दोन दाते चुकले होते.

"हा कुणी उघडला होता?"

दादा बोलला नाही. क्लचचं काम झाल्यावर रविवारी वाड्यात जीपखाली झोपून ग्रीस भरताना त्यानंच तो ओढून वेगळा केला होता. वर टॉर्च धरायला मीच उभी होते.

दहा मिनिटांत गाडी सुतासारखी सरळ झाली. दोस्त मात्र परत आला नाही. दादानं माफी मागितली नाही, तो त्यातला नव्हता. त्या दिवाळीला त्यानं फराळाचा डबा माझ्या हाती देऊन मला गॅरेजवर पाठवलं. त्या गृहस्थांनी डबा ठेवून घेतला, मला चहा पाजला, पण दादाचं नाव काढलं नाही. ह्या टॉर्चबद्दल मी त्यांना तरी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

असो. भाच्या, इंजिनाला हात लावू देऊ नकोस. आधी साठला न्यूट्रल करून बघ. मग खाली वाकून क्रॉसच्या वाट्यांभोवती लालसर भुकटी दिसते का बघ. दिसली तर क्रॉस कोरडा पडून गेला आहे. आणि शाफ्ट सोडवायच्या आधी रेघ ओढ. खडू नसला तर येऊन घेऊन जा, कपाटात अजून अख्खा डबा आहे.