चाक एकटं मोठं होत नाही

पावसाळ्यातल्या कुठल्याही शनिवारी कसारा घाट चढून इगतपुरीकडे येणाऱ्या गाड्या बघा. त्यांत एखादी तरी थार अशी दिसेल, जिचे कंपनीचे टायर गेलेत आणि त्यांच्या जागी जाड खाचांचे ३३ इंची टायर आलेत. गाडी रुबाबदार दिसते, यात वाद नाही. पण त्या चाकाच्या वर, मडगार्डच्या आत काय बदललंय, हे बाहेरून दिसत नाही. बऱ्याचदा तिथे काहीच बदललेलं नसतं.

असं का होतं, हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल. त्यासाठी इगतपुरीइतकी सोयीची जागा दुसरी नाही. १९७९ साली महिंद्राने फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी डिझेल इंजिनासाठी करार केला आणि ती इंजिनं इगतपुरीच्या कारखान्यात बनू लागली. पेट्रोल पिणारी जीप खेड्यापाड्यांत परवडू लागली, ती या डिझेलमुळे. आजची थार इथून तासाभराच्या अंतरावर, नाशिकच्या कारखान्यात तयार होते. आणि ही गाडी चिखला-दगडांतून कशी चालवायची, हे शिकवणारी महिंद्राची अकादमीही इगतपुरीजवळच निघाली.

मूळ पुरुष मात्र अमेरिकेतला. १९४१ पासून युद्धासाठी बनलेली विलीज जीप. ८० इंचांचा व्हीलबेस, ६० हॉर्सपॉवरचं इंजिन, चारही कोपऱ्यांना पाटे आणि जेमतेम सहा इंच रुंदीचे टायर. युद्ध संपलं आणि १९४७ मध्ये मुंबईत महिंद्राने हीच गाडी जोडायला सुरुवात केली.

पाटा ही दिसायला ओबडधोबड, पण मोठी हुशार वस्तू आहे. तो एकाच वेळी तीन कामं करतो. गाडीचं वजन पेलतो, ॲक्सल जागेवर धरून ठेवतो, आणि त्याची पानं एकमेकांवर घासतात म्हणून हादराही थोडा जिरवतो. त्यामुळे जुन्या जीपचा शॉकअप बराचसा थकलेला असला, तरी गाडी कशीबशी चालायची.

त्या अरुंद टायरलाही अर्थ होता. इगतपुरी तालुक्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. वर चिखल आणि थोड्या खोलीवर काळा कातळ किंवा मुरूम, अशी इथली बरीचशी जमीन. अशा ठिकाणी अरुंद चाक चिखल कापत खालच्या टणक थरापर्यंत पोचतं आणि पकड घेतं. रुंद चाक वरच्यावर तरंगायला बघतं. वाळूत मात्र नेमकं उलट, तिथे रुंदीच कामाला येते. म्हणजे मोठा टायर हे सगळ्या जमिनींवरचं एकच उत्तर कधीच नव्हतं.

तरीही जीपवाल्यांना उंची हवी असायची. दगडावरून जाताना आधी ॲक्सलचा मधला गोळा अडतो, आणि तो वर उचलायला मोठ्या चाकाशिवाय इलाज नाही. मोठं चाक बसवायचं तर वरची बॉडी उचलणं आलं. विलीजच्या घराण्यात पाटे ॲक्सलच्या खालून जातात. गॅरेजवाल्यांनी ते वरून घेतले. यू-बोल्ट उलटे फिरवले की गाडी एका फटक्यात काही इंच वर जायची. पण त्याबरोबर प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडायचा. जोर दिला की ॲक्सल पिळला जायचा आणि पाटा इंग्रजी ‘एस’सारखा वाकायचा. उंची मिळाली, पण ती फुकटात मिळाली नाही.

२०१० मध्ये थार आली. मागे पाटेच होते, पण पुढे दोन्ही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आणि स्प्रिंगच्या जागी टॉर्शन बार, म्हणजे पिळला जाणारा पोलादी दांडा. आता पाना घेऊन बोल्ट आवळला की पुढची बाजू वर! पैसे जवळजवळ शून्य. यातली मेख अशी, की बोल्ट आवळून चाकाची एकूण हालचाल वाढत नाही. फक्त तिचा मधला बिंदू सरकतो. चाकाला वर जायला जास्त जागा मिळते, पण खाली उतरायला उरत नाही. खड्डा आला की चाक जमिनीपर्यंत पोचत नाही, हवेत लोंबकळतं. ड्राइव्ह शाफ्टचे सांधे कायम तिरक्या कोनात फिरतात आणि लवकर झिजतात.

२ ऑक्टोबर २०२० ला बाजारात आलेल्या नव्या थारने पाटे निरोपाला लावले. पुढे-मागे कॉइल स्प्रिंग आली. आराम वाढला, पण एक गोष्ट नकळत बदलली. कॉइलमध्ये पानांचं घर्षण नसतं. पाटा जो हादरा स्वतः जिरवायचा, तो सगळा आता शॉकअपच्या माथी आला.

शॉकअप गाडी पेलत नाही. ते काम स्प्रिंगचं. शॉकअप आतल्या तेलाला बारीक भोकांतून ढकलतो आणि उसळीची उष्णता करतो. चाक वर येताना किती अडवायचं आणि खाली जाताना किती, हे कंपनीने ठरावीक वजनाच्या चाकासाठी बेतलेलं असतं. चाक काही किलोंनी जड झालं की तोच शॉकअप अपुरा पडतो. खड्ड्यात गेलेलं चाक वर येऊन थांबत नाही, दोन-तीनदा नाचतं. सलग खराब रस्त्यावर तेल तापतं, त्याला फेस येतो आणि शॉकअप सुस्तावतो. फ्रेंच अभियंता द कार्बोन याने १९५० च्या दशकात तेलावर दाबाखालचा वायू ठेवणारा शॉकअप रुजवला, तो हा फेस आवरण्यासाठीच.

आता साधा हिशोब करू. नव्या थारचा १८ इंची रिमवरचा टायर साधारण ३१ इंच उंच. त्याजागी ३३ इंची घातला तर ॲक्सलखाली मिळणारी जादा उंची फक्त एक इंच, कारण निम्मी वाढ वरच्या बाजूला जाते. पण घेर सहा टक्क्यांहून जास्त वाढतो. स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६४ ने पळत असते. प्रत्येक गिअर तेवढाच ढिला पडतो. ब्रेकचा जमिनीवरचा जोर सुमारे सहा टक्क्यांनी घटतो, आणि तोही गाडीचा भार वर सरकलेला असताना. कसारा घाट उतरताना ही वजाबाकी कळते. ती फक्त आपल्याच नाही, समोरच्या दुचाकीवाल्याच्याही वाट्याला येते.

कायदाही याच जागी उभा आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ नोंदीपासून फारकत घेणारे बदल करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हीही ठेवले. म्हणून हे काम शोभतं ते बंदिस्त ट्रॅकवर, स्पर्धेच्या गाडीवर.

आणि तिथेही क्रम ठरलेला आहे. आधी टायरचं माप पक्कं करायचं. मग स्प्रिंग काढून चाक हाताने पूर्ण वर न्यायचं, स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवायचं आणि कुठे घासतं ते बघायचं. घासायच्या आधी चाक थांबेल अशा उंचीवर रबरी ठोकळा, म्हणजे बंप स्टॉप, बसवायचा. त्यानंतर भरलेल्या गाडीचं वजन पाहून स्प्रिंग निवडायची. शॉकअप शेवटी. त्याची दाबलेली लांबी अशी हवी, की गाडी आधी ठोकळ्यावर टेकेल, शॉकअपच्या तळावर नाही. मग अलाइनमेंट, ब्रेक आणि मागच्या दारावर लटकणाऱ्या जड स्टेपनीच्या बिजागऱ्या.

बहुतेक गाड्यांचं काम उलट्या क्रमाने होतं. टायर आधी येतात, पैसे तिथेच संपतात, आणि शॉकअप ‘पुढच्या महिन्यात’ राहतो. १९४१ च्या जीपमध्ये चाक, पाटा, ब्रेक आणि इंजिन एकाच कागदावर आखले होते. त्यातलं एक वाढवायचं असेल, तर उरलेल्या तिघांची किंमत पहिल्याच दिवशी गॅरेजवाल्याला विचारा. तो नुसत्या टायरचीच किंमत सांगत असेल, तर दुसरं गॅरेज बघा.