इंजिन आणि चाकं यांच्या मधलं

परवा रात्री भाच्याचा अमेरिकेतून फोन आला. "मामा, गाडी ओढत नाहीये."

तो कोलोराडोत असतो. त्याच्याकडे जुना डिझेल पिकअप ट्रक आहे, चार गिअरचा, ऑटोमॅटिक. सुट्टीत मागे साडेचार टनांचं चाकांवरचं घर जोडायचं आणि बायको-मुलीला घेऊन डोंगरात जायचं, हा त्याचा छंद. इंजिनाची ताकद वाढवायला त्याने एक चिप बसवून घेतली. इंजिन जोरात, पण चढावर नुसतेच फेरे वाढायचे, वेग नाही, आणि तेलाला जळका वास! आता मेकॅनिक म्हणतो, ट्रान्समिशन पूर्ण उघडून मजबूत करा. खर्च भरपूर. "करू का?" असा प्रश्न.

मी काही मेकॅनिक नाही. पण शनिवार पेठेत वाढलेल्या माणसाला कुठल्याही विषयावर मत असतंच. शिवाय मला अण्णा आठवले. त्यांच्याकडे येतोच.

आधी भाच्याची गाडी. क्लच नसलेल्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. दोन पंखे समोरासमोर ठेवा, एक चालू केला की वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. इथे वाऱ्याऐवजी तेल. आणि मध्ये एक तिसरं, छोटं चाक, जे तेलाला वळवून पुन्हा कामाला लावतं. त्यामुळे गाडी जागची हलताना जोर साधारण दुप्पट होतो. ही युक्ती हेरमान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याची, १९०५ च्या पेटंटमधली. स्टेटिनच्या जहाज कारखान्यात त्याच्यापुढे प्रश्न होता की वाफेचं टर्बाइन फार वेगात फिरतं, जहाजाचा पंखा हळू फिरायला हवा, मग या दोघांचं जमवायचं कसं? म्हणजे ट्रकसाठी नव्हतीच ती.

पण तेलातून जोर पाठवताना थोडा वाया जातो, आणि जो वाया जातो त्याची उष्णता होते. हे आपल्या देशातल्या मनमोहन सुरी या रेल्वे अभियंत्यालाही सोडवायचं होतं. त्यांनी डिझेल इंजिनासाठी अशी रचना काढली की कमी वेगाला कन्व्हर्टर काम करतो आणि वेग वाढला की फ्लुइड कपलिंग. जगात ती 'सुरी ट्रान्समिशन' म्हणूनच ओळखली गेली. चित्तरंजनला बनलेल्या डब्ल्यूडीएस-४ या शंटिंगच्या इंजिनांत ती होती. १९६२ चा भटनागर पुरस्कार त्यांना मिळाला. आपल्याला शाळेत हे नाव कुणी सांगितलं नाही, असो.

भाच्याच्या गाडीत वेग आल्यावर एक लॉक-अप क्लच दोन पंखे एकमेकांना घट्ट धरतो. चिपने जोर वाढवला, क्लच मात्र पूर्वीचाच. तो घसरू लागला, तेल तापलं, तापलेल्या तेलाने बाकीच्या क्लचच्या चकत्या जाळल्या.

आता अण्णा. वडिलांचे मामेभाऊ. सत्तरच्या दशकात भवानी पेठेतून माल भरून मुंबईला न्यायचे. आमच्या गल्लीत ट्रक शिरणं शक्यच नव्हतं, म्हणून नदीपात्रात लावून जेवायला घरी येत. हातांना कायम डिझेलचा वास. एकदा बोरघाटात, भरलेल्या गाडीने चढताना, त्यांचा क्लच जळाला आणि ट्रक मागे सरकू लागला. क्लीनर लाकडी ठोकळा घेऊन पायी मागे चालत होता, त्याने तो चाकाखाली सरकवला म्हणून निभावलं. अण्णा हे सांगताना हसायचे, पण त्या पोराचं नाव घेतल्यावर थोडा वेळ गप्प बसायचे.

त्यांचा एक नियम होता: ज्या गिअरने घाट चढतो, त्याच गिअरने उतरायचं. "चढताना गाडी थांबते. उतरताना थांबत नाही." डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी सोडणाऱ्यांना ते शिव्या द्यायचे, इथे छापता येणार नाहीत अशा.

रेल्वेवाल्यांना हे आधीच कळलं होतं. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली तेव्हा चढ ३७ फुटांना एक फूट इतका होता. चढायला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लागतात हे आपण सगळे कर्जतला बटाटेवडा खाताना पाहतच आलोय. पण सुटलेली गाडी उलट चढावर वळवून थांबवायला कॅच सायडिंगही बांधली होती. ओढण्याइतकीच सोय धरून ठेवण्याची.

रस्त्यावर तेवढी कुठली! २० नोव्हेंबर २०२२ ला आपल्या नवले पुलाजवळ एका ट्रकने उतारावर ४८ गाड्यांचं नुकसान केलं. चालकाने उतारावर इंजिनच बंद केलं होतं, असं पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढे आलं. बातमी वाचली तेव्हाही अण्णाच आठवले होते.

तर भाच्याला म्हटलं, "अरे, चढण्यासाठी नको, उतरण्यासाठी कर." कारण लॉक-अप घसरत असेल तर उतारावर एक्झॉस्ट ब्रेक लावूनही इंजिन चाकांना धरू शकत नाही, मधल्या तेलातूनच जोर निसटतो. मग सगळा भार ब्रेकवर, आणि मागच्या सीटवर आमची नात.

त्याने केलं. अनेक चकत्यांच्या लॉक-अपचा कन्व्हर्टर, जास्त दाब देणारी व्हॉल्व्ह बॉडी, खोल तेलाचं भांडं, मोठा कूलर. शिवाय मी हट्टाने सांगितलेला तेलाचं तापमान दाखवणारा काटा (हा सगळ्यात स्वस्त निघाला). चिप मात्र काढून टाकली, जरा नाराजीनेच.

काल फोटो आला. खिंडीच्या माथ्यावर काटा ९० अंशांवर. खाली लिहिलं होतं, "मामा, उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये होतो. मागचे लोक हॉर्न वाजवत होते."