चार्जिंग पिनचा इतिहास : झीज कोणी सोसावी?

१/ 'पिन ढिली झाली आहे.' मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातील हे नित्याचे वाक्य. फोनच्या चार्जिंग पोर्टला आपल्याकडे सरसकट 'पिन'च म्हणतात. ही पिन ढिली का होते, यामागे एका अभियांत्रिकी निर्णयाचा इतिहास आहे. #थ्रेड

२/ नोकियाची 'बारीक पिन' अनेकांना आठवत असेल. व्यास २ मिमी, आकार गोल. कशीही घाला, बसे. उलटसुलटाचा प्रश्नच नव्हता. मात्र ती केवळ वीज पुरवी. माहितीसाठी निराळी केबल लागे.

३/ मिनी-यूएसबीत वीज आणि माहिती एकाच केबलमधून जाऊ लागली, परंतु पकड घेणाऱ्या स्प्रिंगा उपकरणात होत्या. केबल शाबूत राही, महागडे यंत्र झिजे. जानेवारी २००७ मध्ये जाहीर झालेल्या मायक्रो-यूएसबीने हा न्याय उलटवला. स्प्रिंगा आणि आकडे केबलच्या टोकाकडे गेले. झीज स्वस्त वस्तूने सोसावी, हा त्यामागील विचार. क्षमता ठरली १०,००० वेळा जोडण्याची.

४/ तरीही पोर्ट तुटतच राहिले. हा आकडा सरळ घालण्या-काढण्याचा आहे. अंथरुणात केबल लोंबकळत ठेवून फोन पाहणारा माणूस त्यात धरलेला नाही! वाकलेली केबल तरफेसारखे काम करते आणि सारा भार बोर्डावरील डाखावर येतो. डाख फुटतो; कधी त्याखालचे तांबेही उखडते. मग कारागीर गरम हवेने जुना पोर्ट उतरवतो, नवा बसवतो आणि उखडलेल्या जागी केसासारखी तार ओढून मार्ग जोडतो. (आधी खिशातील कचरा मात्र तपासावा. पुष्कळदा 'ढिली' पिन केवळ तुंबलेली असते.)

५/ २००९ मध्ये युरोपीय आयोगाच्या पुढाकाराने मोठ्या उत्पादकांनी मायक्रो-यूएसबीवर आधारित समान चार्जर मान्य केला. पण समान झाले ते केवळ तोंड. पोर्टचे बोर्डावर बसणारे पाय मॉडेलगणिक निराळेच राहिले. सुटा भाग शोधणाऱ्यालाच त्याची झळ कळते.

६/ ऑगस्ट २०१४ मध्ये टाइप-सीचे मानक आले. दोन्ही बाजूंनी बसणारे, स्प्रिंगा अजूनही केबलकडेच. संपर्कबिंदू मात्र २४, त्यामुळे डाख देणे अधिक नाजूक. माझ्या मते दुरुस्तीच्या दृष्टीने अधिक मोलाचा बदल निराळाच होता : अनेक उत्पादकांनी पोर्ट छोट्या स्वतंत्र बोर्डावर नेला. असे बोर्ड स्क्रू काढून बदलता येते, मुख्य बोर्डाला धक्का लागत नाही.

७/ २८ डिसेंबर २०२४ पासून युरोपीय संघात विकल्या जाणाऱ्या नव्या फोनना टाइप-सी सक्तीचे झाले. पोर्टमागचे ते छोटे बोर्ड मात्र आजही मॉडेलगणिक वेगळेच असते.