खरं झाड की कृत्रिम? नाताळच्या एका जुन्या वादाची उलटापालट

आजचा प्रश्न वरवर पाहिलं तर डिसेंबरातल्या खरेदीचा आहे. नाताळला घरात झाड उभं करायचं, तर कापून आणलेलं खरं झाड घ्यायचं की खोक्यातून काढून जोडायचं कृत्रिम झाड? युरोप-अमेरिकेत दर वर्षी यावर घराघरांत वाद होतो. आपल्याला मात्र यात रस आहे तो वेगळ्या कारणानं. 'जंगल वाचवा' हा मुद्दा या वादात अगदी सुरुवातीपासून आहे, पण गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत त्यानं चक्क बाजू बदलली. एके काळी जंगलाची काळजी करणाऱ्याला कृत्रिम झाड बरं वाटायचं. आज तोच माणूस खऱ्या झाडाची शिफारस करतो. हे कसं झालं, ते पाहू.

सुरुवात अल्सासमध्ये करू. हा प्रांत आज फ्रान्समध्ये आहे, तेव्हा तो जर्मन भाषकांच्या पवित्र रोमन साम्राज्यात होता. तिथल्या सेलेस्ता या गावाच्या हिशेबाच्या वहीत १५२१ सालची एक नोंद सापडते. नाताळच्या झाडाविषयीच्या सर्वांत जुन्या लेखी पुराव्यांत तिची गणना होते. आता गंमत बघा, या नोंदीत ना सजावट आहे ना मेणबत्त्या. वनरक्षकांना चार शिलिंग दिले, असं तीत आहे. कशासाठी? तर २१ डिसेंबरपासून, म्हणजे संत थॉमसच्या दिवसापासून, जंगलातली झाडं राखण्यासाठी. म्हणजे लोक झाडं तोडून नेत होते आणि गावाला त्यांवर पहारा बसवावा लागत होता! पुढे १५६१ साली त्याच प्रांतातल्या आमर्शविर गावानं नियम केला, की एका नागरिकानं नाताळसाठी एकच झाड न्यावं आणि तेही आठ पायांच्या मापापेक्षा लांब नसावं. झाड दिवाणखान्यात कसं सजवत, याचं वर्णन आपल्याला मिळतं ते स्ट्रासबर्गमधून, १६०५ सालचं. फरच्या झाडावर कागदी गुलाब, सफरचंदं, पातळ बिस्किटं, सोनेरी वर्ख, मिठाई. तेव्हा हौस आणि जंगलाची चिंता, दोन्ही बरोबरीनं जन्मल्या म्हणायला हरकत नाही.

एकोणिसाव्या शतकात ही हौस जर्मनीबाहेर पसरली. १८४८ साली 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'नं राणी व्हिक्टोरिया आणि प्रिन्स अल्बर्ट यांचं मुलांसह झाडाभोवती उभं असलेलं चित्र छापलं. दोन वर्षांनी अमेरिकेतल्या 'गोडीज लेडीज बुक' या मासिकानं तेच चित्र उचललं. राणीचा मुकुट काढला, अल्बर्टची मिशी काढली, आणि राजघराणं एक साधं अमेरिकन कुटुंब होऊन गेलं. (आजकाल चित्रात फेरफार होतात म्हणून आपण हळहळतो, म्हणून हे सांगितलं.) त्यानंतरच्याच वर्षी, १८५१ मध्ये, मार्क कार नावाच्या माणसानं कॅट्सकिल डोंगरातली झाडं बैलांच्या दोन घसरगाड्यांवर लादून न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन मार्केटात आणली, पदपथावरच्या जागेला एक डॉलर भाडं दिलं आणि माल विकून टाकला. इथून झाड हा शहरी बाजारातला माल झाला. ज्याला आपण आज 'पारंपरिक खरं झाड' म्हणतो, त्याची परंपरा बऱ्याच जणांच्या बाबतीत इथपर्यंतच मागे जाते.

हा माल कसा येत असे, याचं एकच उदाहरण पुरे. मिशिगन सरोवरातून शिडाची जहाजं उत्तरेकडची झाडं शिकागोला आणत. नोव्हेंबर १९१२ मध्ये 'राऊज सिमन्स' हे असंच झाडांनी खच्चून भरलेलं जहाज कप्तान हर्मन शूनेमान आणि सगळ्या खलाशांसह वादळात बुडालं. १९७१ साली पाणबुड्याला ते सरोवराच्या तळाशी सापडलं, तेव्हा त्याच्या पोटात झाडं होती.

इकडे जर्मनीत त्याच एकोणिसाव्या शतकात पहिली कृत्रिम झाडं तयार झाली, आणि त्यामागे जंगलतोडीची चिंता होती असं सांगितलं जातं. ही झाडं पिसांची असत. बदकाच्या जातीतल्या मोठ्या हंसाची, म्हणजे गूजची पिसं हिरवी रंगवायची, उभी चिरायची, तारेभोवती गुंडाळायची आणि त्या फांद्या लाकडी दांड्यात खोचायच्या. फांद्या विरळ, त्यामुळे काचेचे नाजूक गोळे त्यांवर मोकळे लटकत. जर्मन स्थलांतरितांबरोबर ही झाडं अमेरिकेत गेली आणि तिथल्या टपालानं माल पाठवणाऱ्या दुकानांच्या यादीतही आली.

आता रूझवेल्ट. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट हे जंगलांचे कैवारी, म्हणून त्यांनी व्हाइट हाउसमध्ये झाडाला बंदी केली आणि मुलानं ते चोरून आणलं, ही गोष्ट दर नाताळला फिरते. रूझवेल्टचं १९०२ सालच्या डिसेंबरातलं पत्र उपलब्ध आहे. आठ वर्षांच्या आर्चीनं एका सुताराच्या मदतीनं मोठ्या कपाटात गुपचूप एक छोटं झाड उभं केलं होतं, सगळ्यांसाठी त्यावर भेटी होत्या, कुत्रा, मांजर आणि तट्टूसाठीसुद्धा, असं ते मोठ्या कौतुकानं लिहितात. बंदीचा किंवा जंगलाचा त्यात शब्द नाही. तरी ही गोष्ट लोकांना पटते, कारण त्या काळात डोंगर बोडके होत असल्याची काळजी खरीच होती.

पण वादाची कलाटणी व्हाइट हाउसमध्ये झाली नाही. ती झाली न्यू जर्सीतल्या एका शेतात. १९०१ साली मॅकगॅलियर्ड नावाच्या शेतकऱ्यानं नॉर्वे स्प्रूसची २५,००० रोपं लावली, ती नाताळला विकण्यासाठीच. सात वर्षांनी त्यानं ती डॉलरला एक अशी विकायला काढली. आमच्या मते या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत महत्त्वाची घटना, आणि सर्वांत कमी सांगितली जाणारी. कारण झाड जंगलातून शेतात आलं. ऊस जसा पीक, तसं हेही पीक झालं. कापलं की त्या जागी नवं रोप लावायचं. हळूहळू जवळजवळ सगळा व्यापार अशा शेतांवर गेला आणि 'झाड कापलं म्हणजे जंगल कापलं' हे समीकरण मोडलं.

त्याच सुमारास दुसऱ्या टोकालाही बदल होत होता. पिसांच्या जागी १९३०च्या दशकात ब्रशचे केस आले. संडास घासायचे ब्रश करणाऱ्या यंत्रांवर अ‍ॅडिस ब्रश कंपनीनं झाडं केली. हसू येतं खरं, पण आजचं प्लॅस्टिकचं झाड जवळून पाहिलं तर हे नातं लपत नाही. १९५९ पासून विस्कॉन्सिनच्या मॅनिटोवॉक गावातून अ‍ॅल्युमिनियमची चकचकीत झाडं निघाली. त्यांवर विजेच्या माळा लावल्या तर शॉक बसायची भीती, म्हणून खाली रंगीत फिरतं चाक ठेवून प्रकाश टाकत. १९६५ साली 'अ चार्ली ब्राउन ख्रिसमस' हा कार्टूनपट दूरचित्रवाणीवर आला. त्यातल्या मुलाला अ‍ॅल्युमिनियमचं झाड आणायला सांगतात आणि तो एक मरतुकडं खरं झाड घेऊन येतो. थोड्याच वर्षांत अ‍ॅल्युमिनियमची हौस ओसरली. एकट्या कार्टूनला श्रेय द्यायला आम्ही तयार नाही, पण 'खरं' म्हणजे प्रामाणिक आणि 'कृत्रिम' म्हणजे बाजारू, ही भावना तिथं पक्की झाली. वस्तुतः दोन्ही बाजारातच विकत मिळत होती!

मग आजचा हिशेब काय सांगतो? ब्रिटनच्या कार्बन ट्रस्टचे आकडे असे: दोन मीटरचं प्लॅस्टिकचं झाड म्हणजे सुमारे ४० किलो कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन. तेवढंच खरं झाड, नाताळनंतर जाळलं किंवा भुगा करून मातीत पसरलं, तर साधारण साडेतीन किलो. पण तेच झाड कचरा डेपोत गाडलं तर हवेशिवाय कुजून मिथेन सुटतो आणि आकडा १६ किलोवर जातो. गुणाकार तुम्हीच करा. जाळलेल्या झाडाशी बरोबरी करायला प्लॅस्टिकचं झाड अकरा-बारा नाताळ वापरावं लागेल, गाडलेल्या झाडाशी बरोबरी तीन नाताळांतच होते. म्हणजे विकत काय घेतलं यापेक्षा सहा जानेवारीनंतर त्याचं काय केलं, याला जास्त वजन आहे. आणि माळ्यावर प्लॅस्टिकचं झाड धड असताना ते टाकून पर्यावरणासाठी खरं आणणं, हा तर शुद्ध तोटा.

एक गोष्ट या हिशेबात येत नाही. युरोपात आज नॉर्डमन फर लोकप्रिय आहे, कारण तिची पानं लवकर झडत नाहीत. डेन्मार्कच्या शेतांत ती वाढते, पण तिचं पुष्कळसं बी येतं जॉर्जिया देशातल्या राचा प्रांतातून. तिथं सप्टेंबरात माणसं तीस-तीस मीटर उंच झाडांच्या शेंड्यांवर चढून शंकू उतरवतात. अनेक वर्षं पुरेशा दोर-पट्ट्यांविना चढली, पडून माणसं दगावलीसुद्धा. शेतातलं झाड जंगलाला धक्का लावत नाही हे खरं, पण त्याचं बी अजून जंगलातूनच येतं आणि ते कोणीतरी जीव धोक्यात घालून काढतं.

आपल्याकडे हा वाद फारसा झाला नाही, कारण कापलेली फर आपल्याकडे येतच नव्हती. वसईत किंवा गोव्यात नाताळचा मान मुख्यतः येशूजन्माच्या गोठ्याला. झाड हवं असेल तर प्लॅस्टिकचं, नाहीतर नर्सरीत 'ख्रिसमस ट्री' म्हणून कुंडीत मिळणारं अरोकेरिया. हे फरही नाही आणि पाइनही नाही, ते मूळचं दक्षिण पॅसिफिकमधल्या बेटांवरचं. ते कापायचं नसतं, दर डिसेंबरात तीच कुंडी घरात घ्यायची. काही वर्षांनी शेंडा छताला टेकतो. मग ते बाहेर कुंपणाशी लावतात, आणि पुढे ते दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या खिडक्यांपर्यंत जातं.